आजाऱ्याला सवलत, कारण न विचारता

संध्याकाळचे पावणेसात होत आले की ऐरोली स्टेशनला लागून असलेल्या माइंडस्पेसच्या इमारतींत रमजानभर एक छोटी लगबग दिसते. कुणी ड्रॉवरमधून खजुराचा डबा काढतं, कुणी पँट्रीत कलिंगड कापायला घेतं, कुणी मोबाईलवर मगरिबची वेळ पुन्हा पाहून घेतं. रोजा सुटला की भज्यांच्या पुड्याभोवती रोजा न ठेवलेलेच जास्त गोळा होतात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. या घोळक्यात अंगाने भारी असलेला एखादा सहकारी असतोच. दर रमजानला त्याला एक विनोद ठरलेला असतो. "तुझं बरं आहे, महिनाभर फुकटात डाएट!" तो हसतो. न हसून करणार काय?

हाच माणूस गुडघा दुखतो, धाप लागते म्हणून दवाखान्यात जातो तेव्हा तो विनोद गंभीर चेहऱ्याने परत भेटतो. "आधी वजन कमी करा, मग बघू." कधी हा सल्ला खरोखर वैद्यकीय असतो. कधी मात्र त्यात तपासणी कमी आणि निकाल जास्त असतो. हे तुम्हीच ओढवून घेतलंय, हे न बोलता सांगितलेलं असतं.

इथे दोन प्रश्न एकात मिसळतात. वजन वाढायला जबाबदार कोण, हा एक. आणि उपचार देताना ती जबाबदारी मोजावी का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर काहीही आलं, तरी दुसऱ्याचं त्यातून आपोआप निघत नाही.

मुंबईने हे दोन्ही प्रश्न एकदा फार जवळून पाहिले आहेत. 11 फेब्रुवारी 2017 रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाहून इमान अहमद ही 36 वर्षांची स्त्री मालवाहू विमानाने मुंबईत उतरली. तिचं वजन सुमारे 500 किलो असल्याचं सांगितलं जात होतं. सुमारे पंचवीस वर्षं ती घराबाहेर पडली नव्हती. व्हिसाचं अडलं तेव्हा तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी स्वतः लक्ष घातलं. विमानतळावरून तिला ट्रकने चर्नी रोडच्या सैफी रुग्णालयात आणलं आणि क्रेनने पलंगासकट उचलून आत घेतलं. तिच्यासाठी रुग्णालयात वेगळी खोली बांधली होती. लोकांकडून मदतनिधी जमा झाला. डॉ. मुफज्जल लकडावाला आणि त्यांच्या पथकाने 7 मार्चला तिच्या जठराचा मोठा भाग काढून टाकणारी शस्त्रक्रिया केली.

तिची छायाचित्रं घराघरात पोचली तेव्हा चहाच्या टपरीपासून लोकलच्या डब्यापर्यंत एकच प्रश्न होता. इतकी वाढायला हिने खाल्लं तरी काय असेल? उत्तर प्रयोगशाळेतून आलं. तिच्या जनुकीय तपासणीत लेप्टिन या संप्रेरकाच्या ग्राहकाशी संबंधित जनुकात दोष सापडला. लेप्टिनचा शोध 1994 मध्ये लागला. शरीरातली चरबी हे संप्रेरक तयार करते आणि ते मेंदूला कळवतं की साठा पुरेसा आहे, आता भूक आवर. निरोप घेणारा ग्राहकच बिघडलेला असेल, तर साठा कितीही वाढो, मेंदूला तो माणूस उपाशीच वाटतो. म्हणजे ज्या बाईला सारं जग खादाड समजत होतं, तिच्या मेंदूच्या हिशेबात ती जन्मापासून उपाशी होती.

पुढची हकिकत सुखाची नाही. तिचं वजन किती उतरलं आणि प्रकृती कितपत सुधारली, यावर रुग्णालय आणि बहीण यांच्यात जाहीर वाद झाला. 4 मे रोजी तिला अबू धाबीच्या रुग्णालयात हलवण्यात आलं आणि 25 सप्टेंबर 2017 रोजी तिथेच तिचा मृत्यू झाला. अशा जनुकीय दोषावरचं एक औषध अमेरिकेत मंजूर झालं ते नोव्हेंबर 2020 मध्ये.

इमान मुंबईत आल्यानंतर बरोबर दहा दिवसांनी, 21 फेब्रुवारीला, मुंबई महापालिकेचं मतदान होतं. त्या दिवशी लेखिका शोभा डे यांनी एका अतिशय स्थूल पोलीस अधिकाऱ्याचं छायाचित्र ट्विटरवर टाकून मुंबईच्या 'भारी' बंदोबस्ताची थट्टा केली. मुंबई पोलिसांनी लगेच कळवलं की तो गणवेश आमचा नाही. तो अधिकारी मध्य प्रदेश पोलिसांतला निरीक्षक होता. वजन 180 किलोच्या आसपास. 1993 मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाल्यापासून आपलं वजन वाढत गेलं, असं त्याने पत्रकारांना सांगितलं. बारीक होणं कुणाला नको असतं, बाईंची इच्छा असेल तर त्यांनी उपचारांचा खर्च करावा, असंही तो म्हणाला. चेष्टा देशभर पसरली तशी सहानुभूतीही पसरली, मुंबईच्या डॉक्टरांनी विनामूल्य उपचारांची तयारी दाखवली आणि मार्चमध्ये त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली.

दोन्ही गोष्टींचा शेवट वेगळा, पण एक धागा समान आहे. उपचार मिळण्याआधी दोघांनाही बातमी व्हावं लागलं. एकीला जगातली सर्वात वजनदार स्त्री म्हणून, दुसऱ्याला देशभराच्या हशाचा विषय म्हणून. जो बातमी होत नाही, ज्याचं वजन 500 किंवा 180 नसून 112 आहे, जो रोज सकाळी दिव्याहून किंवा दिघ्याहून येऊन ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एखाद्या गेटवर बारा तास उभा राहतो, त्याचं काय?

इमानसारखा जनुकीय दोष फार विरळा असतो, हे इथे सांगायलाच हवं. नाहीतर प्रत्येक जण आपल्या पोटाचं खापर जनुकांवर फोडून मोकळा होईल. पण जनुकांचा हात फक्त विरळ आजारांपुरता आहे, असंही नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून माणसा-माणसांतल्या वजनाच्या फरकाचा साधारण 40 ते 70 टक्के भाग अनुवंशिक असल्याचं दिसलं आहे. उरलेल्या भागात घर, ताट, झोप, काम, औषधं, पैसा असं सगळं येतं. इच्छाशक्तीही त्यातच येते, पण तिला एकटीला सगळा भार पेलावा लागतो असं आपण समजतो, ते खरं नाही.

आपल्या मातीतल्या माणसांबद्दलची एक महत्त्वाची माहिती पुण्याहून आली आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1990च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची होती, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. पुण्याची बाळं उंचीला, स्नायूंना, सगळ्यात कमी होती, एका चरबीचा अपवाद सोडून. चरबी त्यांनी राखून ठेवली होती. वरून बारीक, आतून स्थूल. 2004 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये याज्ञिकांनी स्वतःचं आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं छायाचित्र शेजारी-शेजारी छापलं. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेतलं वजन, नेमकं 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. वजनकाट्यावर सारखे दिसणारे दोन माणसं आतून इतके वेगळे असू शकतात. भारतीयांसाठी स्थूलतेची रेषा 30 ऐवजी 25 वर आणि कंबरेची मर्यादा पुरुषांना 90 व स्त्रियांना 80 सेंटिमीटर ठरवण्यात आली, त्यामागे असाच विचार आहे.

आईच्या पोटात असताना काय मिळालं याची जबाबदारी बाळावर टाकता येत नाही. ऐरोली, दिवा कोळीवाडा, रबाळे, घणसोली इथल्या आगरी-कोळी घरांत हे तीन पिढ्यांत वाचता येतं. आजोबा मिठागरात, भातखाचरात किंवा खाडीत होडीवर. ताटात भाताचा ढीग आणि सोबत मासळी. तेवढा भात लागायचाच, कारण दिवसभराचं काम तो जाळून टाकायचं. 1970 मध्ये सिडको आली, जमिनी गेल्या, खाचरांवर सेक्टर उभे राहिले. ताटातला भात तितकाच राहिला, जाळणारं काम गेलं. नातू आता गाडीच्या स्टिअरिंगमागे किंवा संगणकासमोर आहे. ऐरोलीतल्या कितीतरी कंपन्या अमेरिकेच्या घड्याळावर चालतात. रात्री अडीचला जेवणाची सुट्टी, पहाटे पाचला कॅब, सकाळी सातला झोप. झोप तुटली की भूक वाढवणारी संप्रेरकं वाढतात आणि पोट भरल्याचं कळवणारी घटतात. त्या वेळी जे खायला मिळतं ते बहुधा तळलेलं, गोड किंवा मैद्याचं. आपण जाड का झालो, याचा हिशेब अशा मुलाला स्वतःलाही नीट मांडता येत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) देशातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 24 टक्के आणि त्याच वयाच्या पुरुषांपैकी सुमारे 23 टक्के जास्त वजनाचे आढळले. त्याआधीच्या, 2015-16च्या पाहणीत हेच आकडे 20.6 आणि 18.9 होते. चार-पाच वर्षांत कोट्यवधी लोकांची इच्छाशक्ती एकदम खचली, असं मानायचं का?

तरीही जबाबदारी उरतेच, आणि रमजान तिची आठवण करून देतो. दिवसभर पाणीही न पिणारा माणूस मगरिबनंतर जे करतो, त्याबद्दल मुस्लिम घरांनी थोडं खरं बोलायला हवं. समोसे, भजी, कबाब, शरबत, मग बिर्याणी, तरावीहनंतर पुन्हा काहीतरी गोड. सुट्टीच्या रात्री ऐरोलीहून गाड्या भरून मोहम्मद अली रोडला जायचं आणि मिनारा मशिदीच्या गल्लीत नल्ली निहारी व मालपुवा खायचा. शेजारचे जोशी, पाटील, फर्नांडिसही सोबत असतात, आणि ते चांगलंच आहे. पण पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी ठेवावा, ही पैगंबरांची शिकवण ज्या महिन्यात सर्वात जास्त सांगितली जाते, त्याच महिन्यात घरातला तेलाचा डबा सर्वात लवकर संपतो. रमजानमधल्या वजनाचे जगभर अभ्यास झाले आहेत. सरासरी एखादा किलो उतरतो आणि ईदनंतर काही आठवड्यांत बराचसा परत येतो. फेब्रुवारी 2025 मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये घरातलं तेल 10 टक्क्यांनी कमी करायला सांगितलं, ते इफ्तारच्या कढईलाही लागू पडतं.

रोजा ही मुळात ज्याची त्याची, फार खासगी इबादत आहे. नमाज लोकांना दिसते, जकात घेणाऱ्याला कळते. पण स्नानगृहात नळाखाली तोंड धुताना घोटभर पाणी गिळलं की नाही, हे रोजेदार आणि अल्लाह यांच्याशिवाय कुणालाच कळत नाही. ताटाची जबाबदारीही अशीच आहे. ती ज्याची त्याने घ्यायची, दुसऱ्याने त्याच्याकडून वसूल करायची नाही.

आणि याच महिन्यात आजाऱ्याला सवलत आहे. कुराणाने आजारी आणि प्रवासी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची मुभा दिली आहे. ज्याचा आजार बरा होणारा नाही, त्याने रोज्याच्या बदल्यात फिदिया द्यायचा, म्हणजे प्रत्येक रोज्यामागे एका गरजूला जेवू घालायचं. प्रवाशाच्या सवलतीवर मात्र जुन्या फकिहांमध्ये, म्हणजे धर्मशास्त्राच्या अभ्यासकांमध्ये, एक मजेदार वाद आहे. माणूस चोरीसाठी किंवा दुसऱ्या एखाद्या गैरकृत्यासाठी प्रवासाला निघाला असेल, तर त्याला सवलत मिळते का? कोकणी मुसलमान ज्या शाफई परंपरेचे आहेत, ती म्हणते, नाही. उत्तर भारतातून आलेल्या बहुसंख्य मुसलमानांची हनफी परंपरा म्हणते, मिळते. सवलत प्रवासाला आहे, हेतूचा हिशेब वेगळीकडे होईल. नवी मुंबईत या दोन्ही परंपरांची माणसं एकाच सफेत उभी राहतात. म्हणजे दोष असलेल्याला सवलत द्यायची का, हा प्रश्न एखाद्या रुग्णालयाच्या समितीला आज पडला असला, तरी तो हजार-बाराशे वर्षांचा आहे आणि शहाणी माणसं त्यावर दोन बाजूंना उभी राहिली आहेत. आजाऱ्याच्या बाबतीत मात्र आयतीत अशी काही अट नाही. आजारी असाल, इतकंच. आजार कशाने आला, जास्त खाऊन की कमी खाऊन, याची चौकशी तिथे नाही.

प्रत्यक्षात गल्लीत चौकशी होते. स्थूल आणि मधुमेही माणसाने इन्सुलिन चालू आहे म्हणून रोजा सोडला, तर त्याच्याकडे लोक कसे बघतात ते आठवून पाहावं. बारीक, खोकणाऱ्या म्हाताऱ्याने रोजा सोडला तर "अल्लाह शिफा दे" म्हणतात. जाड माणसाने सोडला तर कुणी ओठांतल्या ओठांत म्हणतं, खायला बरं निमित्त मिळालं. ही नजर चुकवण्यासाठी कित्येक जण डॉक्टरांना न विचारता रोजे ठेवतात. इन्सुलिन किंवा साखर एकदम खाली आणणाऱ्या गोळ्या चालू असताना असं केलं तर दुपारी साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस बरळायला लागतो आणि बेशुद्ध पडतो. अशा वेळी लगेच साखर द्यायची असते, रोजा तिथेच सुटला तरी. औषधांच्या वेळा आणि मात्रा रमजानपूर्वीच बदलून घ्यायच्या असतात, आणि डॉक्टर नको म्हणाले तर रोजा ठेवायचा नसतो. पण त्यासाठी डॉक्टरांकडे जायला लाज वाटता कामा नये. लाज दवाखान्यापासून दूर ठेवते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. मार्च 2020 मध्ये 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्रित निवेदन काढून वजनावरून होणारा हा अपमान थांबवण्याची मागणी केली.

धर्मशास्त्र बाजूला ठेवलं तरी देशाच्या कायद्यानेही यावर एकदा बोट ठेवलं आहे. परमानंद कटारा खटल्यात 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की समोर आलेला जखमी निर्दोष आहे की गुन्हेगार, हे न पाहता त्याचा जीव वाचवणं हे डॉक्टरचं कर्तव्य आहे. दारू पिऊन गाडी ठोकणाऱ्यालाही टाके पडतात, त्याने ज्याला ठोकलं त्यालाही. ऐरोली पुलावरच्या अपघातातून आलेल्या दोघांना महापालिकेच्या राजमाता जिजाऊ रुग्णालयात वेगवेगळ्या रांगा नसतात.

तातडीच्या उपचारांत हे सगळ्यांना पटतं. खरी ओढाताण सवडीच्या शस्त्रक्रियांत होते. इंग्लंडमध्ये व्हेल ऑफ यॉर्क भागातल्या आरोग्य यंत्रणेने 2016 मध्ये जाहीर केलं होतं की 30च्या वर बीएमआय असलेल्यांच्या सवडीच्या शस्त्रक्रिया एक वर्षापर्यंत आणि धूम्रपान करणाऱ्यांच्या सहा महिन्यांपर्यंत लांबवायच्या. यंत्रणेकडे पैसे कमी होते. टीका झाली, वरून चौकशी आली. अशा निर्णयांत दोन कारणं एकाच वेष्टनात गुंडाळलेली असतात आणि ती सोडवून पाहायला हवीत. फार जास्त वजनात गुडघा बदलला तर जखमेत संसर्ग होण्याचा, भूल देताना गुंतागुंत होण्याचा धोका वाढतो. म्हणून सर्जन थांबायला सांगत असेल, तर तो रुग्णाच्या बाजूनेच बोलतो आहे. पण मग थांबण्याच्या काळात त्याला आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपी, औषध यांतलं काहीतरी मिळायला हवं. नुसतं "कमी करून या" म्हणून दार बंद करणं म्हणजे धोक्याच्या नावाखाली शिक्षा देणं आहे. दुखऱ्या गुडघ्याने माणूस चालणार कसा आणि न चालता वजन उतरवणार कसं, हे त्याला कुणी सांगत नाही.

जपानने 2008 मध्ये वेगळी वाट धरली. 40 ते 74 वयाच्या लोकांची दर वर्षी कंबर मोजायची, पुरुषांना 85 आणि स्त्रियांना 90 सेंटिमीटरची रेषा. रेषा ओलांडणाऱ्याला दंड नाही, त्याला सल्ला आणि पाठपुरावा. उद्दिष्ट चुकलं तर आर्थिक भार विमा चालवणाऱ्या संस्थांवर, म्हणजे बऱ्याचदा कंपन्यांवर. कंबर मोजायला कुणाला आवडेल हा प्रश्न आहेच, आणि ऐरोलीच्या कंपनीत एचआरवाले टेप घेऊन आले तर काय होईल याची कल्पनाच केलेली बरी. पण रात्रपाळी लावणाऱ्याकडेही बोट दाखवायचं, एवढं तरी त्यांना सुचलं.

आपल्याकडे विम्याचं दार 2019 पासून थोडं उघडलं आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या नियमांनुसार स्थूलतेवरची शस्त्रक्रिया सरसकट वगळता येत नाही, पण अटी आहेत. डॉक्टरांचा सल्ला हवा, वय 18 पूर्ण हवं, बीएमआय 40 किंवा त्याहून जास्त हवा. नाहीतर 35 किंवा त्याहून जास्त आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर आजार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह हवा, आणि कमी त्रासाचे उपाय करून अपयश आलेलं हवं. साडेपाच फुटांच्या जवळपास, 165 सेंटिमीटर उंचीच्या माणसाला 40 म्हणजे सुमारे 109 किलो आणि 35 म्हणजे सुमारे 95 किलो. या अटी वैद्यकीयदृष्ट्या अवाजवी नाहीत. अडचण शेवटच्या अटीत आहे. उपाय करून पाहिले याचा पुरावा कुणाकडे असतो? ज्याने आहारतज्ज्ञाची फी भरली, जिमची पावती ठेवली त्याच्याकडे. ज्याने वर्षभर रात्रीचा भात सोडून भाकरी खाल्ली आणि कंपनीच्या गेटपासून घरापर्यंत चालत गेला, त्याच्याकडे कसली पावती?

नव्या औषधांनी ही दरी आणखी उघडी पाडली आहे. मार्च 2025 मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी ही आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं भारतात आली. मौंजारोची सर्वात लहान मात्रा बाजारात आली तेव्हा एका आठवड्याला 3,500 रुपयांची होती, म्हणजे चार आठवड्यांचे 14 हजार. मात्रा वाढली की किंमतही वाढते, आणि औषध थांबवलं की बहुतेकांचं वजन पुन्हा चढतं. ही औषधं आली आणि एक गोष्ट गंमतशीर झाली. उंच मजल्यावर बसणाऱ्या साहेबांची स्थूलता आजार ठरली, कारण तिला आता औषध होतं. खाली गेटवर उभ्या असलेल्याची मात्र सवयच राहिली.

रमजानमध्ये या दरीजवळ पैसा फिरकतो, तो जकातीचा. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचा अडीच टक्के हिस्सा. बहुतेक लोक तो याच महिन्यात काढतात, आणि त्यातला बराचसा रुग्णालयांच्या बिलांकडे जातो. कर्करोग झालेलं मूल, डायलिसिसवरची आई, जळालेला कामगार यांच्यासाठी हात लगेच खिशात जातो. 115 किलोच्या, मधुमेहाने डोळे चाललेल्या गरीब माणसाच्या शस्त्रक्रियेसाठी अर्ज आला की देणारा थबकतो. एवढा जाड झालाच कसा? खायला मिळत होतं म्हणूनच ना? स्वस्त पोट भरायचं तर वडापाव, पाव-बटर, चहा आणि भातच परवडतो, फळं आणि मटकीची उसळ नाही, हे त्या क्षणी कुणाला आठवत नाही. जकात कुणाला द्यावी, याचे आठ प्रकार कुराणात सांगितले आहेत. फकीर आणि मिस्कीन, म्हणजे गरीब आणि गरजू, पहिल्या दोन क्रमांकांवर. कर्जात बुडालेला माणूसही त्या यादीत आहे, आणि कर्जबाजाऱ्याकडे तर लोक जाड माणसाहूनही संशयाने पाहतात. यादीत गरज आहे. निर्दोष असण्याची अट कुठल्या रकान्यात घालावी, हे शोधायला गेलं तर सापडत नाही.

पैशांच्या पलीकडचं आणि सगळ्यात स्वस्त असं काही दवाखान्यातच करता येतं. रक्तदाब मोजायचा पट्टा दंडाला लहान पडला तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो, आणि माणसाला नको ती गोळी सुरू होते. मोठा पट्टा फार महाग नसतो. ओपीडीतल्या खुर्चीला हात नसले तर रुंद माणूसही तिच्यात बसू शकतो. वजनकाटा दीडशे किलोच्या पुढे जाणारा हवा, आणि तो रांगेच्या तोंडाशी नाही, पडद्याच्या आत हवा, म्हणजे परिचारिकेने आकडा मोठ्याने वाचला तरी मागच्या वीस जणांना ऐकू जाणार नाही. आपल्या नेहमीच्या दवाखान्यात यातलं काय आहे आणि काय नाही, ते पुढच्या खेपेला नंबर येईपर्यंत बसल्या जागेवरून पाहता येईल.